कार्डाची किंमत



तुमच्यापैकी कितीजणांच्या दप्तरात आज क्रिकेटपटूंची किंवा कुस्तीगिरांची कार्डे आहेत? घाबरू नका, मी ती काढून घेणार नाही. तुमच्याएवढा असताना माझ्याही दप्तरात ती असत. पण या कार्डांपायी माझ्या एका विद्यार्थ्याला महिनाभर पायी चालावे लागले. ती हकिकत आज तुम्हांला सांगणार आहे.

आमचे गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याला लागून आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. काठची कितीतरी जुनी गावे पाण्याखाली गेली आणि माणसे वर येऊन नव्या गावठाणात राहू लागली. जमीन गेली, तसे पाणी आले आणि पाण्याबरोबर मासळी आली. आज काठावरच्या अनेक घरांची चूल मासळीवर पेटते. कोणी होडीतून जाळे टाकतो, कोणी भिगवणच्या बाजारातून मासळी आणून गावोगाव विकतो.

अशाच एका मासळी विकणाऱ्याचा मुलगा माझ्या वर्गात आठवीत होता. मुलगा हुशार, पण अचानक रोज उशिरा येऊ लागला. मी त्याला तीन दिवस वर्गाबाहेर उभे केले. चौथ्या दिवशी माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले. चपला धुळीने माखल्या होत्या आणि एका चपलेचा अंगठा तुटला होता.

"सायकल कुठे आहे तुझी?" मी विचारले.

"मोडली, सर."

"मग दुसरी घेणार होतास ना?"

तो काहीच बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र तो माझ्याजवळ आला आणि दप्तरातून रुमालात बांधलेला एक गठ्ठा काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. त्यात क्रिकेटपटूंची कार्डे होती. दोन वर्षांची ईदी त्याच्या अम्मीने डब्यात जपून ठेवली होती. सोळाशे रुपये. त्यात जुनी सायकल येणार होती. त्याने कोणाला न सांगता त्या पैशांची दहा-दहा रुपयांची पाकिटे घेतली. कारण मोबाईलवर त्याने पाहिले होते, की परदेशात एक कार्ड कोट्यवधी रुपयांना विकले गेले. शेवटी त्याला एक सोनेरी, चमकणारे कार्ड मिळाले. त्यावर 'मर्यादित आवृत्ती' असा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले होते.

"सर, हे विकले तर गिअरची सायकल येईल ना?" त्याने विचारले.

मला लगेच 'नाही' म्हणता आले नाही. उत्तर मला ठाऊक होते, कारण हीच आशा मी एकदा मनात धरली होती.

साधारण २००० साली मी पाचवीत होतो. तेव्हा कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांचे आम्हांला वेड होते. प्रत्येक कार्डावर कुस्तीगिराची उंची, वजन, छाती आणि क्रमांक छापलेला असे. एकाने वजन पुकारायचे. ज्याच्या कार्डावरचा आकडा मोठा, तो समोरच्याचे कार्ड जिंकायचा. क्रमांकात मात्र लहान आकडा मोठा ठरे. मी आणि माझा मोठा भाऊ कंदिलाच्या उजेडात तासन् तास खेळत असू. भाई कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने हारजीत लिहून ठेवी. खेळ संपला, की कार्डांना रबर लावून आम्ही ती पत्र्याच्या डब्यात ठेवत असू. पुढे कॉलेजात गेल्यावर मला वाटले, जुनी कार्डे आहेत, चार पैसे येतील. डबा उघडला, तर पावसाळ्यातल्या ओलीने अर्धी कार्डे एकमेकांना चिकटली होती. उरलेल्यांचे कोपरे झिजले होते आणि रबराने कडांना खाचा पडल्या होत्या. शिवाय तशी कार्डे घरोघरी पडून होती. मग ती विकत कोण घेणार?

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. मग विचारले, "तुझे अब्बा भिगवणला लिलावात मासळी घेतात. चिलापी स्वस्त का आणि मरळ महाग का?"

तो चटकन म्हणाला, "सर, चिलापी ढिगाने येते. मरळ एखादीच सापडते."

"आणि सकाळची मरळ संध्याकाळपर्यंत उन्हात राहिली तर?"

"मग कोण घेईल, सर? भाव पडतोच."

"आणि ताजी मरळ आहे, पण बाजारात गिऱ्हाईकच नाही?"

तो हसला. "मग घरी नेऊन खावी लागते."

मित्रांनो, कार्डांच्या बाजाराचे नियम त्या मुलाला आधीच येत होते. फक्त ते नियम कार्डांना लावून पाहायचे त्याला सुचले नव्हते.

मग मी त्याला दोन परदेशी कार्डांच्या गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ फार लोकप्रिय आहे. १९०९ ते १९११ या काळात तिथे सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची कार्डे घालत असत. त्यांपैकी होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड छापणे लवकरच थांबवावे लागले, कारण त्याला आपले चित्र तिथे नको होते. त्यामुळे ती कार्डे फारच थोडी उरली. त्यांपैकी एक २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले.

दुसरी गोष्ट १९५२ सालची. टॉप्स कंपनीने त्या वर्षी बेसबॉल खेळाडूंची कार्डे काढली, पण शेवटी छापलेली बरीच कार्डे खपली नाहीत. ती वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिली. सांगतात, की १९६० साली जागा मोकळी करण्यासाठी कंपनीने ती होडीत भरून समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतले मिकी मँटल या खेळाडूचे एक अतिशय जपलेले कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. छापणाऱ्याला तरी ते इतके मोलाचे होईल असे कुठे वाटले होते?

पण गोष्ट इथेच संपत नाही. जुन्या कार्डांना असा भाव येतो हे पाहून १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतले लोक नवी कार्डे खोक्यांनी विकत घेऊन जपू लागले. कंपन्यांनीही ती अमाप छापली. सगळ्यांनीच जपली, म्हणून ती दुर्मीळ झालीच नाहीत. त्यांतली बहुतेक आज कवडीमोलाने जातात.

"मग माझे सोनेरी कार्ड?" मुलाने हळूच विचारले.

"ते तूच शोधून काढ," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत चौकशी केली. एकट्या आमच्या शाळेत तसली सात सोनेरी कार्डे निघाली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मला काही समजावून सांगावे लागले नाही.

त्या दिवशी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. उशिराचे कारण न विचारता मी त्याला तीन दिवस बाहेर उभे केले होते, ही माझी चूक होती. मग आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. त्याने सारे स्वतःच्या तोंडाने सांगितले. अम्मी रडल्या. अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रविवारी माझ्याबरोबर चल. काट्यावर बसशील, तर पैसा कसा येतो ते कळेल." जुनी सायकल दुरुस्त व्हायला महिना लागला. तोवर तो चालत आला. वेळेवर यायचे म्हणून घरून लवकर निघत असे.

मित्रांनो, कार्डे जमवू नका, असे मी म्हणणार नाही. हा छंद चांगला आहे. पण कार्ड निवडताना स्वतःला चार प्रश्न विचारा. एक, हे खरोखर कमी आहे का? दोन, ते चांगल्या स्थितीत आहे का? कोपरे टोकदार, कडा साफ, पृष्ठभागावर ओरखडा नाही आणि चित्र मधोमध छापलेले, असे कार्ड उत्तम. तीन, ते हवे असणारे लोक आहेत का आणि वीस वर्षांनीही असतील का? ज्या खेळाडूचे नाव लोक विसरणार नाहीत, त्याचे पहिल्या काळातले कार्ड सहसा टिकते. चार, ते अस्सल आहे का? भिंगातून पाहा. नकली कार्डावरची बारीक अक्षरे बहुधा फिसकटलेली दिसतात.

आणि घेतलेले कार्ड जपा. त्याला रबर लावू नका, डिंकाने वहीत चिकटवू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आपल्याकडे पाणी जवळ, ओल फार. म्हणून कार्ड स्वच्छ पारदर्शक पाकिटात घालून कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवा. आणि जो पैसा सायकलीचा, वहीचा किंवा औषधाचा आहे, तो कार्डांत कधीही घालू नका. भाव येईलच, असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

आपल्या उर्दूत दोन शब्द आहेत, किंमत आणि कदर. मराठीनेही ते आपलेसे केले आहेत. किंमत बाजारात ठरते आणि बदलतेही. कदर आपल्या मनात असते. माझ्या त्या डब्यातले एक कार्ड मी अजून जपून ठेवले आहे. त्याचे कोपरे झिजलेले आहेत आणि पाठीवर भाईच्या अक्षरात लिहिले आहे, 'आज छोटा जिंकला.' भाई आता सौदीत नोकरीला आहे. त्या कार्डाला बाजारात कोणी एक रुपयाही देणार नाही, आणि मीही ते कोणाला देणार नाही.

तो मुलगा आता नववीत आहे. कार्डे अजून जमवतो, पण विकत कमी घेतो आणि मित्रांशी अदलाबदल जास्त करतो. परवा दुकानात त्याने एक चकचकीत पाकीट हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि दुकानदाराला विचारले, "काका, हे खरेच कमी आहे, की नुसते तसे छापले आहे?"

दुकानदार हसला. मुलाने पाकीट परत ठेवले, सायकलीवर टांग मारली आणि घंटी वाजवत शाळेकडे निघून गेला.