थांब, एवढ्यात नको!

हल्ली मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगत सुटलोय. भालकीच्या स्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बघणारा एक सोयरासुद्धा यातून सुटला नाही. पण गोष्टच तशी आहे! बेंगळुरूच्या उत्तर टोकाला जक्कूरमध्ये एका प्रयोगशाळेत काचेच्या बशीत माणसाच्या अशा पेशी वाढवल्या, की ज्यांचं हृदय होऊ शकतं, मेंदू होऊ शकतो, हाड, कातडी, रक्त, काय हवं ते. आणि ज्या भ्रूणांतून त्या काढल्या, ते तिसऱ्या प्रतीचे म्हणून टाकूनच द्यायचे होते!

मी पडलो कॉमर्सवाला. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीतल्या आकृत्यांपाशीच संपला. दिवाळीला भाची आली, ती गुलबर्ग्याला एम.एस्सी. करते (पाटीवर कलबुर्गी, तोंडात अजून गुलबर्गाच). तिच्या तोंडून या पेशी वाढवणाऱ्या मनीषा इनामदार यांचं नाव ऐकलं. आडनाव ऐकल्यावर आमच्या सीमाभागातल्या माणसाचे कान टवकारायचे ते टवकारलेच. पुढचं ऐकता ऐकता चकलीवरचा हातही थांबला.

आपण सगळे एका पेशीपासून सुरू होतो, हे शाळेत घोकलेलं असतं. पण मधे काय होतं? एकाच्या दोन, दोनाच्या चार. सुरुवातीला सगळा कारभार आईच्या बीजातल्या शिदोरीवर चालतो. चार-आठ पेशी झाल्या की भ्रूणाची स्वतःची जनुकं कामाला लागतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याचा आतून पोकळ असा इवलासा गोळा होतो, डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा. बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होते. आत एका कडेला चिकटलेला पेशींचा पुंजका असतो, आणि तुमचं-माझं सगळं अंग त्या पुंजक्यातून! आईला अजून पाळी चुकल्याचंही कळलेलं नसतं.

या पुंजक्यातल्या पेशी म्हणजे भ्रूणाच्या स्टेम सेल. गर्भात त्यांचं हे ‘काहीही होऊ शकणं’ काही दिवसच टिकतं. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या अशा पेशी पहिल्यांदा बाहेर काढून वाढवत ठेवल्या. इनामदार यांनी जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात हेच केलं, पण चांगल्या भ्रूणांना हात न लावता. टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात भ्रूणांची प्रत ठरवतात. पेशी लहानमोठ्या झालेल्या, मधेच तुकडे पडलेले, असे भ्रूण खालच्या प्रतीत जातात आणि गर्भाशयात सोडले जात नाहीत. त्यांच्यातून दोन पेशीवंश उभे राहिले. बीजेएनहेम-१९ आणि बीजेएनहेम-२० अशी त्यांची रुक्ष नावं; नात्यानं ती सख्खी भावंडं. २००९ साली त्यावरचा शोधनिबंध छापून आला. जगानं नापास केलेल्या भ्रूणातून न थकता दुभंगत राहणाऱ्या पेशी! मला तर वाचून उठून उभं राहावंसं वाटलं.

पण या पेशी सांभाळणं म्हणजे घरात तान्हं मूल असल्यासारखंच. रोज त्यांच्यावरचं खाद्यद्रव बदलायचं, रविवार असो की संक्रांत. त्यांची दाट वस्ती झाली की वेगळी करून नव्या बशीत घालायची. जरा हयगय झाली की वस्तीच्या कडेच्या पेशी पसरट होऊ लागतात, म्हणजे त्यांनी आपापला धंदा निवडायला घेतला. काहींच्या हृदयाच्या पेशी होतात आणि बशीतच ठोके देऊ लागतात. छाती नाही, माणूस नाही, नुसते ठोके!

हे ऐकून दिवाळीतल्या त्याच रात्री भाचीनं आणि मी शेजारच्या काकूंच्या खुडूक कोंबडीखालची अंडी काढली. कोंबडीनं हातावर चोच मारली, ती मारलीच. चार दिवसांचं एक अंडं अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. आत लालभडक तंतूंचं जाळं, आणि मधोमध एक काळपट ठिपका लवलवतोय. पिल्लाला अजून पंख नाहीत, चोच नाही, पण रक्त तयार! माणसाच्या गर्भातही रक्त असंच फार लवकर बनतं, आणि तेही आधी शरीराबाहेरच्या पीतक पिशवीत.

“आता सांग,” मी भाचीला म्हटलं, “कुठल्या पेशीनं रक्त व्हायचं आणि कधी, हे ठरवतं कोण?”

“मामा, त्यातलंच एक जनुक त्यांनी धरलंय. असृज.”

रक्ताच्या संस्कृत नावावरूनच ते नाव ठेवलेलं. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीतही हे जनुक आहे. माशीचं रक्त लाल नसतं, तरी त्यात रक्तपेशी असतात. २०११ साली इनामदार यांच्या गटानं दाखवलं, की असृज कमी केलं तर माशीच्या अळीतल्या राखीव पेशी घाईला येतात आणि वेळेआधीच पक्क्या रक्तपेशी होऊन बसतात. हेच जनुक माणसात ओसीआयएडी-१ या नावानं आहे. त्याचं प्रथिन पेशीच्या ऊर्जाघरात, मायटोकॉन्ड्रियात, बसून ऊर्जा बनवणाऱ्या साखळीच्या पहिल्या कडीला लगाम घालतं. २०१८ साली माणसाच्या स्टेम सेलमध्ये तो लगाम सैल करून पाहिला, तर पेशी रक्त-स्नायूंच्या वाटेला जास्त सहज लागल्या.

इथे मी खरा चाट पडलो. मला वाटायचं, काहीच न झालेली पेशी म्हणजे रिकामटेकडी. तर तसं मुळीच नाही! काहीही न होता थांबून राहणं हेच तिचं काम, आणि त्यासाठी आत कुणीतरी सतत ‘थांब, एवढ्यात नको’ म्हणत बसलेलं असतं.

एक सांगून टाकतो, कारण हे ऐकून दोघातिघांनी मला गुडघ्यांबद्दल विचारलं. ‘स्टेम सेलनं काहीही बरं करतो’ अशा जाहिराती आपल्या भागातही पोचल्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट होत्या: रक्ताच्या विकारांत रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचं रोपण मान्य, बाकी सगळं चाचणीतच. असल्या जाहिराती करून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून घरी या. मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपुढे वाढवायचा नाही, हीसुद्धा आपल्याकडची मर्यादा. मला ती योग्य वाटते. भाची वाद घालते.

इनामदार पुढे बेंगळुरूच्याच इनस्टेम संस्थेच्या संचालक झाल्या. मानवी जनुकांत फेरफार करण्यावर देखरेख कशी ठेवावी, हे ठरवणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीतही त्या होत्या. पण मला त्यापेक्षा त्यांच्या गटाचे २०१९ चे उंदीर जास्त खुणावतात. असृज काढून टाकलेल्या उंदरांत अस्थिमज्जेतल्या ज्या पेशींनी निवांत पडून राहायचं, त्या पडूनच राहात नाहीत, दुभंगत सुटतात. कारण कर्करोगाला आवर घालणारं पी-५३ हे प्रथिन असृजवाचून टिकत नाही. माशी झाली, माणूस झाला, उंदीर झाला, आणि तिन्हीकडे लगाम तोच! म्हातारपणी रक्ताचे आजार का बळावतात, याचा एखादा धागा इथे हाती लागेल का? भाचीला पीएच.डी. याच विषयात करायचीय. तिच्या आईला आधी लग्न हवंय. मी बेंगळुरूला जाणाऱ्या बीदर-यशवंतपूर गाडीचं वेळापत्रक बघून ठेवलंय.