शिसवी खुर्ची

पावसाळ्यांत पॉलिशला हात लावावयाचा नाहीं, हा आमच्या भांडुपच्या मिस्त्रींचा नियम. स्पिरिटांत विरघळविलेली चपडी लाख दमट हवेंत पांढुरकी पडते. म्हणून वडिलांची शिसवी खुर्ची दिवाळीपर्यंत थांबली. पळस-कुसुमावरील किड्यांची ही लाख! ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतहि हीच असे. फवाऱ्याचें नवें पॉलिश टिकाऊ खरें. पण तें बिघडलें कीं सगळें खरवडावें लागतें. चपडीला स्पिरिटचा बोळा पुरतो.

खुर्चीच्या उजव्या हातावर वडिलांच्या तळव्यानें काळवंडलेली जागा होती. मिस्त्रींनीं काचकागद उचलला. "एवढें राहूं द्या," आम्ही म्हणालों. "काम अर्धवट दिसेल, दादा," ते कुरकुरले. पण बोळा त्या काळसर जागेवरून अलगद फिरूं लागला.