धावत गेलेला बाप

देव हा पिता आहे, असे आम्ही बालपणापासून ऐकत आलो. परंतु पिता म्हणजे कसा, हे सांगणारा क्वचितच भेटला. मुलाला बाप आधी भेटतो, देव मागाहून. म्हणून प्रश्न साधा नव्हे. बाप म्हणजे धाक, हीच आमची जुनी समजूत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे वडील फार तापट होते. त्यामुळेच की काय, १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने ख्रिस्ताला आळविले ते माउली म्हणून! (विठोबाही आपली माउलीच.)

लूकच्या शुभवर्तमानातील बाप मात्र निराळा. उधळा मुलगा दुरून दिसताच तो धावत सुटतो. क्षमायाचनेचे शब्द ऐकण्याआधीच त्याला कवटाळतो. प्रतिष्ठित गृहस्थाने भर रस्त्यात धावावे, हे आजही कोणाला शोभते?

येथे शिवाजीनगरात, सेंट मेरी बॅसिलिकेपाशी, ८ सप्टेंबरला मारियेच्या जन्मोत्सवास अलोट गर्दी लोटते. बहुतेकांचे डोळे साडी नेसलेल्या मूर्तीकडे. आम्ही पाहतो बापांकडे. मुलाला रथ दिसावा म्हणून ते त्याला खांद्यावर घेऊन तिष्ठत असतात. पुढच्यांच्या पाठींवाचून त्यांना स्वतःला काही दिसत नाही. मूल मुठीने केस ओढते, आणि रथ कोठवर आला हे ते त्यालाच विचारतात.