घर म्हैसुरात, नोकरी बंगळुरात

रविवारची संध्याकाळ. सातच्या सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यावरचे जवळजवळ लाखभर दिवे एकदम उजळतात आणि पटांगणात जमलेल्या गर्दीच्या तोंडून नकळत 'वा!' निघून जाते. गर्दीत पर्यटक असतात, तसेच मुलांना खांद्यावर घेतलेले तरुण आईबापही असतात. दिवे मालवले की पर्यटक हॉटेलची वाट धरतात. या आईबापांपैकी काहींना मात्र घरी जाऊन पहाटेचा गजर लावायचा असतो, कारण घर म्हैसुरात आणि कचेरी बंगळुरात!

या दोन शहरांची ही ओढाताण जुनीच आहे. म्हैसूर ही वडियार राजांची राजधानी. पण १८३१ साली इंग्रजांनी राज्याचा कारभार हाती घेतला आणि कचेऱ्या बंगळूरला हलल्या. पुढे १८८१ मध्ये राज्य वडियारांना परत मिळाले, तरी कचेऱ्या काही परतल्या नाहीत. सिंहासन एका गावी, कारभार दुसऱ्या गावी, अशी वाटणी होऊन बसली.

संगणकाच्या धंद्यानेही तीच वाट धरली. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तेथे आली आणि मग रांगच लागली. एके काळी निवृत्तांचे नंदनवन म्हणून ओळखले जाणारे हे शहर पाहता पाहता नोकरदारांनी भरून गेले. म्हैसूरच्या वाट्याला आले ते इन्फोसिसचे भव्य प्रशिक्षण केंद्र. नवे इंजिनिअर येथे हजारोंनी येतात, शिकतात आणि त्यांतले बरेचसे नोकरीसाठी दुसऱ्या शहरांत पांगतात. तीनशे एकरांहून मोठ्या या आवारात ३१ डिसेंबर २०२४ रोजी चक्क बिबट्या दिसला आणि कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगावे लागले!

जे मागे राहतात, त्यांना म्हैसूर भरभरून देते. सकाळी कुक्करहळ्ळी तलावाकाठी फेरफटका, सुट्टीच्या दिवशी चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या आणि वाटेत एका दगडातून कोरलेल्या नंदीपाशी विसावा. देवराज मार्केटात नंजनगूडची केळी, विड्याची पाने आणि कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजून दिलेली मल्लिगेची माळ. घरभाडे आवाक्यातले. मुलांची शाळा जवळ, कचेरीही जवळ.

उलट बंगळुरात सिल्क बोर्डाच्या चौकात अडकलेल्या माणसाला घर जवळ असूनही दूरच वाटते. कावेरीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपाने चढवून या शहराला आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधन विहिरी आटल्या, तेव्हा लाखांत पगार घेणारी कुटुंबेही टँकरची वाट पाहत बसली होती.

मग सगळेच म्हैसूरला का जात नाहीत? याचे उत्तर मूळच्या सांगलीच्या एका कुटुंबाच्या कहाणीत सापडते. नवराबायको दोघेही संगणक क्षेत्रात. २०२० च्या टाळेबंदीत घरूनच काम सुरू झाले, तेव्हा दोघांनी बंगळूरची जागा सोडून म्हैसुरात बिऱ्हाड केले. सांगलीहून सासूसासरेही आले. सारे स्थिरस्थावर होते न होते तोच कचेऱ्यांनी माणसांना परत बोलावले. नवऱ्याने कमी पगारावर म्हैसुरातच नोकरी धरली. बायकोच्या कंपनीची मात्र येथे शाखाच नव्हती.

"आता तिने नोकरी सोडावी," असे नातेवाइकांनी सुचवले. दोघांनी कागदपेन्सिल घेऊन हिशेब मांडला. म्हैसुरात खर्च कमी हे खरे. पण उद्या नवऱ्याची नोकरी गेली, तर त्याच तोडीची दुसरी मिळेल अशा कंपन्या गावात मोजक्याच. बंगळुरात एक दार बंद झाले, तर ठोठवायला दहा दारे असतात. म्हणजे म्हैसूरच्या निवांत संसाराला खरा टेकू होता तो बायकोच्या बंगळुरातल्या नोकरीचाच! सासूबाईंनी हे सर्वांच्या आधी ओळखले. "अगं, तू जा. डबा मी करीन," एवढेच त्या म्हणाल्या.

आता ती आठवड्यातून दोन दिवस जाते. २०२३ च्या मार्चमध्ये खुला झालेल्या नव्या महामार्गाने सुमारे ११८ किलोमीटरचे अंतर दीड तासावर आणले. पण तो दीड तास केंगेरीपर्यंतचा! शहर ओलांडून व्हाइटफील्ड गाठायला कधी कधी तेवढाच वेळ लागतो. म्हणून तिने रेल्वे निवडली. साडेपाचला घर सोडायचे, अडीचेक तासांत बंगळूर, तेथून मेट्रोची जांभळी मार्गिका. डब्यात नेहमीचे चेहरे, रोजच्या गप्पा. मुंबई-पुण्याच्या पासधारकांना हे चित्र परके वाटणार नाही.

तरीही प्रत्येकाने हाच मार्ग धरावा असे नाही. नवी नोकरी शोधणाऱ्या एकट्या तरुणाला बंगळूरच बरे. तेथे चार वर्षांत शिकायला मिळते, ते एरवी सहज मिळत नाही. वारंवार परदेशी जाणाऱ्यालाही म्हैसूर गैरसोयीचे, कारण देवनहळ्ळीचा विमानतळ बंगळूरच्या पलीकडच्या टोकाला आहे. घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे असली, की म्हैसूरचे पारडे जड होते. मात्र बिऱ्हाड हलवण्यापूर्वी दोघांच्याही नोकरीचा विचार व्हावा, एकाच्याच नव्हे.

कचेरीच्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास ती घरी पोचते. मुलगी झोपलेली असते. दुसऱ्या दिवशी घरूनच काम असते, म्हणून मुलीला शाळेत सोडायला तीच जाते. पायीच, कारण शाळा दहा मिनिटांच्या अंतरावर आहे.