पोटातली गाठ

मृग लागला की मालवणात चामड्याला बुरशी चढते आणि मशीनला गंज. बुरशीचं फारसं काही वाटत नाही. ती दिसते तरी. कोरड्या फडक्याने पुसावी, उघडीप मिळाली की पट्टे घटकाभर पडवीत टांगावेत, निभतं. गंज मात्र लपून राहतो. बॉबीन केसवरच्या नखाएवढ्या स्प्रिंगखाली, सुईपट्टीच्या उलट्या अंगाला, हुकाच्या टोकावर. वरून मशीन लख्ख असतं आणि शिवणीत कुठे टाका सुटलेला, कुठे दोऱ्याचं जंजाळ. खारा वारा घरात शिरताना कुणाला विचारत नाही, आणि दुकान बंदराच्या बाजूला असेल तर बोलायलाच नको.

जड चामडं शिवणाऱ्या मशीनची दुखणी घरच्या शिलाई मशीनचीच, पण सगळी थोरली. सुई जाड, दोरा जाड, आवाज जाड. मूळ व्यवहार मात्र तोच, दोन दोऱ्यांचा. वरचा दोरा सुईबरोबर खाली उतरतो, खालचा बॉबीनमध्ये बसून वाट बघतो. सुई तळाला जाऊन जेमतेम दोन-अडीच मिलीमीटर वर उचलली की तिच्या पाठीला दोऱ्याचा इवलासा फुगा धरतो. हुकाचं टोक नेमकं तेव्हाच यायला हवं. ते आलं की फुगा पकडतं, बॉबीनभोवती फिरवून आणतं आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. ही गाठ चामड्याच्या जाडीत, मधोमध, पोटात बसली पाहिजे. रापण ओढताना दोन्ही दोरांवरची माणसं सारखी ओढत असली तरच जाळं सरळ किनाऱ्याला लागतं, तसंच हे. एका बाजूने जोर केला की गाठ तिकडे सरकली.

गाठ सरकली की नवख्याचा हात पहिल्यांदा जातो तो टेन्शनच्या स्क्रूवर. साहजिक आहे. तो स्क्रू समोर असतो, बोटांना सापडतो, फिरवला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मला काम शिकवणारे मिस्त्री मात्र त्या स्क्रूच्या आड स्वतःचा पंजा धरत.

‘‘स्क्रूक हात लावू नको. आदी दोरो बघ, मगे सुई बघ. मशीन बिघडूक नाय.’’

‘‘पण काकानू, खालसून सगळो गुंतो येता.’’

‘‘खालसून येता म्हणान खालीच बघतलंस?’’

या एका प्रश्नात अर्धी विद्या आहे. खालच्या अंगाला वेटोळी आली की दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा. चामडं दाबून धरणारा पाय खाली सोडलेला असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न बसता कडेने निसटतो. मग त्याला कुणी धरणारंच उरत नाही आणि तो खाली सैलावून पडतो. उलट, वरच्या अंगाला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसू लागले तर वरचा दोरा फार ताणलेला आहे, नाहीतर बॉबीनच्या स्प्रिंगखाली दोऱ्याचा केर किंवा गंजाचा कण अडकून ती उघडी राहिली आहे. कागदाच्या कोऱ्या कडेने तो कण काढला की स्क्रूला न शिवता काम होतं. आणि कधी कधी दोष मशीनमध्येही नसतो. दोऱ्याचा कोन मागे स्टँडवर असतो आणि डोक्यावरच्या पंख्याचा वारा त्याचा पदर कोनाच्या बुडाशी गुंतवून ठेवतो. पंखा बंद करणं ही दुरुस्ती आहे, असं गिऱ्हाइकाला सांगायला जीभ रेटत नाही, एवढंच.

सुईचं प्रकरण जास्त खोल. बाजारात सुईवर जो आकडा असतो तो तिच्या जाडीचा. १६० नंबरची सुई म्हणजे १.६ मिलीमीटर. दोरा आणि सुई यांचं जमतं की नाही हे बघायची मिस्त्रींची रीत मला अजून आवडते. हातभर दोरा तोडायचा, सुटी सुई त्यात ओवायची, दोरा दोन हातांत तिरका ताणून धरायचा. सुई आपल्या वजनाने सरसर खाली घसरली तर नेढं पुरेसं आहे. अडखळली तर तोच दोरा शिवताना घासणार, पिंजणार, तुटणार. दोरा तुटला की लोक दोऱ्याला शिव्या देतात. मशीन फार दामटलं की सुई तापते आणि नायलॉनचा दोरा नेढ्यातच वितळू लागतो. तोही मग ‘हलका माल’ ठरतो.

कापडाची सुई आणि चामड्याची सुई यांत फरक टोकाचा. कापडात सुई धागे बाजूला सारून वाट काढते, बाहेर आली की वीण पुन्हा मिटते. चामड्याला वीण नाही. त्याच्या सुईच्या टोकाला पातं असतं आणि ते कापत जातं. पाडलेलं भोक पाडलेलंच राहतं. त्यामुळे चामड्यात ‘उसवून पुन्हा शिवू’ ही सोय नाही, आणि ‘टाके जवळजवळ घाला, मजबूत होईल’ हे तर उलटंच. भोकं दाटली की पट्टा त्याच ओळीवर फाटतो. म्हणून मशीनची परीक्षा घ्यायची ती त्याच जाडीच्या चिंधीवर, तेवढेच पदर घालून.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींकडच्या चामड्याच्या बाहुल्या बघताना हे भोकाचं गणित मला निराळंच दिसलं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथी सांभाळल्याबद्दल. पडद्यामागे दिवा, पुढे रामायणातलं पात्र, आणि त्याच्या अंगावरचे दागिने म्हणजे चामड्यात पाडलेली बारीक भोकं. उजेड तिथून येतो. तिथे भोक हाच अलंकार. माझ्याकडे मात्र भोकातून उजेड दिसला तर पोटात गोळा येतो, कारण तिथे टाका सुटलेला असतो.

सुटलेला टाका बहुतेक वेळा जाडीच्या चढावर सापडतो. पट्टा दोन पदरांवरून चार पदरांवर चढतो तिथे. पायाचा दाब कमी पडला की सुई वर जाताना चामडंही तिच्याबरोबर वर उचललं जातं, फुगा धरतच नाही आणि हुक रिकाम्या हाताने फिरून जातं. अशा जागी माणूस चामडं मागून ओढून मशीनला मदत करायला जातो. त्या मदतीने सुई वाकते, वाकलेली सुई हुकाला लागते, हुकाच्या टोकाला ओरखडा पडतो, आणि मग मात्र खरोखरच सुई-हुकाच्या टायमिंगपर्यंत जावं लागतं. पुरतं अडेपर्यंत तिथे जायचं नाही, असा दंडक.

तेलाबद्दल एक सांगतो, कारण ते खास आपल्याकडचं आहे. घरात खोबरेल मुबलक, म्हणून मशीनलाही खोबरेल. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरातल्या पहाटे कुडाळ-सावंतवाडीकडे मशीन जड चालतं म्हणून मोटार तपासून घ्यायला येणारी कितीतरी माणसं आहेत. मशीनचं तेल पातळ असतं, वास नसतो, फोडणीला चालत नाही. म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.

दशावतारी मंडळींची कामं कार्तिकाच्या तोंडावर येतात. जत्रा सुरू होण्याआधी मृदंगाची पिशवी, पायपेटीचा पट्टा, सामानाच्या पेट्यांच्या मुठी. पट्टा जुना, कडक, आणि त्याच्यावर आधीच्या कुणीतरी घातलेल्या शिवणीची भोकं. इथे पॅडलवर पाय ठेवायचाच नाही. जुना दोरा काढायचा, चाक हाताने फिरवायचं, सुई खाली आणायची, तिचं टोक जुन्या भोकावर आलं की चामडं केसभर सरकवायचं आणि मग उतरवायची. पुन्हा चाक, पुन्हा भोक. आधीच्या माणसाचा टाका कुठे लांब, कुठे आखूड, कुठे त्याचाही हात थकलेला, सगळं वाचत जावं लागतं. वीतभर शिवणीला चहा थंड होतो.

परवा एक मृदंगवाले पट्टा न्यायला आले. त्यांनी पैशांचं आधी काही विचारलं नाही. पट्टा उलटा केला, खालच्या अंगावरून अंगठा फिरवला, मग उजेडाकडे धरला.

‘‘नवी भोकां पाडूक नाय मां?’’

‘‘नाय. जुन्यातसूनच घेतलंय.’’

‘‘मगे घासाघीस नको,’’ म्हणाले, आणि लगेच घासाघीस सुरू केली.