स्पार्कहिलची कोंबडी आणि रत्नागिरीचं पीठ

शनिवारी सकाळी बर्मिंगहॅमच्या स्ट्रॅटफर्ड रोडवर उभं राहिलं की आपण विलायतेत आहोत हे फक्त थंडीवरून कळतं. स्पार्कहिलचा हा भाग. फुटपाथवर भाजीचे क्रेट मांडलेले, त्यात मेथी, कारली, कोथिंबिरीच्या जुड्या. एका दुकानात शादीचे लेहंगे, शेजारी मिठाईवाला, पुढे सोमाली आणि येमेनी खानावळी. जवळच लेडीपूल रोड आहे. सत्तरच्या दशकात पाकिस्तानी हॉटेलवाल्यांनी ‘बाल्टी’ नावाचं सालन गाजवलं ते याच भागात. मी मात्र बाल्टी खायला आले नव्हते. मला एक अख्खी कोंबडी हवी होती, कातडीसकट.

हे सांगायला सोपं, मिळायला अवघड. आपल्याकडे रत्नागिरीत काय, मुंबईत काय आणि इथल्या देशी खाटकाकडे काय, कोंबडी हातात घेतली की पहिलं काम कातडी सोलायचं. सुरी लागलीसुद्धा होती, तेवढ्यात मुलगी ओरडली, “भाईजान, स्किन रहने दो, रोस्ट करना है!” मग तिनं दुसरी विनंती केली. काउंटरवर शेजारीच दह्यात मुरवलेल्या टिक्क्याचे ट्रे होते. ती म्हणाली, हातमोजे बदला आणि धुतलेली सुरी घ्या, घरात मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. मागं सहा माणसं उभी होती. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या माणसानं एक शब्द न बोलता हातमोजे काढले, सुरी धुऊन आणली आणि विचारलं, “बच्चा कितना बड़ा है?”

सहा वर्षांचा. माझा नातू. दूध, काजू आणि पिस्ता त्याला चालत नाही.

‘चालत नाही’ हा शब्दच आपल्याकडे फसवा आहे. वांगं चालत नाही म्हणजे खाज येते, ताक चालत नाही म्हणजे पोट बिघडतं. दोन वर्षांपूर्वी ईदला हे लोक रत्नागिरीला आले, तेव्हा दूध त्याला चालत नाही एवढंच आम्हाला ठाऊक होतं. म्हणून मी त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात नारळाच्या रसातला शिरखुर्मा केला. मनापासून केला. पण पळी एकच होती. दुधाच्या, पिस्ता घातलेल्या पातेल्यातली पळी मी त्याच्या पातेल्यात फिरवली. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मग खोकला, मग श्वासाची घरघर. दवाखाना जवळ होता, डॉक्टरांनी ताबडतोब इंजेक्शन दिलं आणि मूल वाचलं, अल्हम्दुलिल्लाह. घरात कुणी नजर लागली म्हणालं, कुणी मिरच्या ओवाळल्या. पिस्त्याची आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्या काजूची ॲलर्जी इकडे परतल्यावर तपासणीत कळली. मुलगी मला काही बोलली नाही. फक्त त्यानंतर त्याच्या तोंडात माझ्या हातचा घास तिनं जाऊ दिला नाही. फोनवर बोलताना आम्ही दोघीही तो विषय टाळायचो.

या खेपेला मी डिसेंबरात तीन महिन्यांसाठी आले. पहिले आठ दिवस मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहायचे. मग जावयानं सुचवलं, “अम्मी, रविवारी माझी बहीण येतेय. इकडच्या पद्धतीचं रोस्ट करू या. तुम्ही करा.” मुलीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “ठीक. पण मी शेजारी उभी राहीन.”

रविवारचं रोस्ट हे इंग्रजांचं आठवड्याचं मोठं जेवण. सकाळी मांस भट्टीत ठेवून लोक चर्चला जायचे आणि परत येईपर्यंत ते शिजायचं, असं सांगतात. भाजलेलं मांस, बटाटे, दोन-तीन भाज्या आणि वरून दाट रस्सा, ज्याला ते ग्रेव्ही म्हणतात. ऐकायला निरुपद्रवी. पण एकेक पदार्थ उलगडला तर कोंबडीला लोणी चोळलेलं, ग्रेव्हीच्या तयार दाण्यांत गहू आणि काहींत दूधसुद्धा, यॉर्कशायर पुडिंग म्हणजे तर अंडं, दूध आणि मैदा, कोंबडीच्या पोटात भरायचं सारण पावाच्या चुऱ्याचं. बटाटे कधी बदकाच्या, कधी डुकराच्या चरबीत भाजलेले. आपल्यासाठी हरामचा प्रश्न, नातवासाठी दुधाचा, आणि जावयाच्या बहिणीसाठी गव्हाचा. तिला सीलिएक आहे. ती ॲलर्जी नव्हे. त्यात गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. लगेच काही दिसत नाही, म्हणून लोकांना ते नखरे वाटतात.

सामान आणायला आम्ही सुपरमार्केटात गेलो. तिथं माझ्या लक्षात आलं की हे काम आपल्या बायकांना नवं नाही. परदेशात राहणारी कुठलीही मुस्लिम बाई बिस्किटाचा पुडा हातात घेते तो उलटाच. जिलेटिन कशाचं, ई-१२० म्हणजे किड्यांपासूनचा रंग, ई-४७१ वनस्पतीचं की प्राण्याचं. माझी मुलगी त्याच नजरेनं आता दूध शोधते. इथं कायद्यानं १४ पदार्थ घटकांच्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, बहुधा ठळक अक्षरात. दूध, अंडं, ग्लुटेन असलेली धान्यं, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, तीळ, मोहरी, सोया, मासे, कोळंबी-खेकडे, तिसऱ्या-कालवं, सेलरी, ल्युपिन आणि सल्फाइट. ‘अंश असू शकतो’ ही ओळ मात्र ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे धोका नाही असं धरून चालत नाही.

२०१६ मध्ये नताशा एडनान-लपरूज ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या सँडविचमधल्या तिळामुळे दगावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून बांधून ठेवलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहिणं इथं सक्तीचं झालं. आपल्याकडेही बंद पुड्यावर ॲलर्जीचे घटक छापण्याचा नियम आहे, दूध, गहू, शेंगदाणे, सुका मेवा, अंडं, मासे, सोया वगैरे. त्या यादीत तीळ आणि मोहरी नाहीत. आणि सुट्या मिठाईच्या काउंटरवर आपल्यालाच विचारावं लागतं.

माझा मोठा अपमान मात्र घरात झाला, आणि तो माझ्या पिठानं केला. ग्रेव्ही दाट करायला मैद्याऐवजी तांदळाचं पीठ वापरू, असं मी ऐटीत म्हटलं. येताना दोन किलो आणलं होतं, आमच्या शेतातल्या तांदळाचं. भाकरी करावी तर याचीच. जावयाची बहीण फोनवर होती. तिनं नरमाईनं विचारलं, “मामी, गिरणीत त्याच्या आधी काय दळलं होतं?” मी गप्प. गावच्या गिरणीत सकाळपासून गहूच पडत असतो. आपण चार मुठी तांदूळ ‘पाखडायला’ टाकतो आणि गिरण साफ झाली असं मानतो. ते पीठ डब्यात घालून मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि ग्लुटेन नसल्याची खूण असलेली बंद पिशवी विकत आणली. तिची किंमत सांगत नाही, तुम्ही हसाल.

शनिवारी रात्री मुलीशी पहिली खटपट झाली, ती कोंबडी धुण्यावरून. आपण मीठ-हळद लावून तीन पाण्यांनी धुतो. तसं केल्याशिवाय मला ते पाकच वाटत नाही. इथली अन्नसुरक्षा संस्था सांगते की कच्ची कोंबडी नळाखाली धुवू नका. तिच्यावरचे कॅम्पिलोबॅक्टर जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते शिजल्यावर. मी बराच वेळ वाद घातला. शेवटी कागदानं पुसून घेतली, रक्ताचे डाग टिपले, आणि मुलीनं ओटा धुऊन काढला. अजूनही मनाला पुरतं पटलेलं नाही, पण ओटा तिचा आहे.

कोंबडी एक किलो आठशे ग्रॅमची. रात्रीच मीठ चोळून, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली, म्हणजे कातडी सुकते आणि कुरकुरीत होते. सकाळी आलं-लसूण वाटून कातडीखाली बोटांनी सरकवलं. वर ठेवलं तर ते जळतं. वरून तेल, हळद, मिरी. पोटात अर्धं लिंबू आणि कोथिंबिरीचे देठ. लोण्याची आठवण कुणालाही येत नाही, शपथेवर सांगते. भट्टी १९० अंशांवर. हिशेब असा की किलोला ४५ मिनिटं आणि वर २०, म्हणजे आमच्या कोंबडीला एक तास चाळीस मिनिटं. मांडीच्या जाड भागात सुरी खुपसल्यावर रस स्वच्छ आला पाहिजे. मुलीकडे मांसात खुपसायचा थर्मामीटर आहे, त्यानं ७५ दाखवले की झालं. बाहेर काढून वीस मिनिटं तशीच राहू द्यायची. लगेच कापली तर सगळा रस ताटात.

बटाटे अर्धे उकडून, झाकण लावून पातेलं जरा झटकायचं म्हणजे कडा फुटतात. त्यावर चमचाभर ते महागडं तांदळाचं पीठ भुरभुरवलं आणि तापलेल्या तेलात भट्टीत सोडले. गाजरं, आणि पार्सनिप नावाचं पांढरं, गोडसर कंद, तेही तसंच. ग्रेव्हीला ट्रेमधल्या चरबीतच पीठ परतलं आणि बटाट्याचं पाणी थोडंथोडं घातलं. आपण नाही का कधी सालन पातळ झालं तर तांदळाचं पीठ लावत!

डिसेंबरात इथं दिवस म्हणजे डोळ्याची उघडझाप. आम्ही शाफई, आमची असर दोनच्या आतच लागते आणि चार वाजता मगरीब. म्हणून जोहर पढून लगेच दस्तरखान टाकला. घरी आम्ही थाळाभोवती बसून एकत्र खातो. इथं मुलीनं पद्धत बदलली आहे. नातवाचं ताट सगळ्यात आधी, स्वच्छ डावानं वाढायचं, मग बाकीच्यांचं. जावयाच्या दोन्ही औषधी पेन शेजारच्या कपाटावर. आदल्या आठवड्यात त्यानं सुई नसलेल्या सरावाच्या पेननं मला शिकवलं होतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं, मग ९९९ ला फोन, मूल आडवं, पाय वर, दम लागत असेल तर बसवायचं, उभं करायचं नाही, पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं पेन. मी तीनदा मोडका सराव केला, चौथ्यांदा जमला.

वाढताना माझ्या तोंडून चूक झाली. बाजूला नारळ घालून हिरव्या वालाच्या शेंगा केल्या होत्या. मी म्हटलं, “घे बेटा, नारळाच्या दुधातल्या आहेत.” त्यानं हात मागे घेतला. “मिल्क?” चेहरा पार उतरला. आपण ज्याला दूध म्हणतो ते दूध नसतं, हे सहा वर्षांच्या पोराला कसं कळावं? मुलगी काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, “नारळाचा रस. गाईचं काही नाही. नारळ मी फोडला, अम्मीनं बघितलं.” त्यानं आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं शेंग उचलली.

मग कोंबडीची तंगडी. मी बिस्मिल्लाह म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं काहीच खाल्लं नाही, त्याच्या ओठांकडे बघत बसले. मुलगीही तेच करत होती. आमची नजर एकदा मध्ये भेटली.

जेवणं झाल्यावर बहुतेक घरांत गप्पा रंगतात आणि ट्रे तसाच पडून राहतो. तो दोन तासांच्या आत आवरायला हवा. मी मांस सोडवून उथळ डब्यात घातलं, गार होताच फ्रिजमध्ये. हे दोन दिवसांत संपवायचं आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करायचं. हाडं, पंखांची टोकं, लिंबाची साल काढून टाकून, कांदा, आलं, दहा मिरी, दीड तास मंद आचेवर. अख्खं घर यखनीच्या वासानं भरलं. बाहेर काळोख झाला होता, आणि साडेचारच वाजले होते.

सोमवारी त्याच महागड्या पिठाची घावनं केली, आत मांसाचे धागे, खोबरं, हिरवी मिरची, लिंबू. उरलेलं थोडं मांस आणि उकडलेला बटाटा कुस्करून कबाब केले. बटाटा धरून ठेवतो, अंडं लागत नाही. त्याच दिवशी संपले. मंगळवारी दुपारी अर्ध्या यखनीत तांदूळ शिजवून पेज, आल्याची आणि मिठाची. शाळेला सुट्टी होती. नातू वाडगा घेऊन आला आणि नेहमीसारखं विचारलं, “लेबल?” मी बोटं मोडून सांगितलं, तांदूळ, पाणी, कोंबडी, कांदा, आलं, मिरी, मीठ. सात. त्यानंही मोजले आणि खायला बसला. मुलगी वरच्या मजल्यावर कामात होती. खाली आली नाही.

उरलेली यखनी दोन डब्यांत ओतून मी फ्रीजरमध्ये ठेवली. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तारीख आणि घटक, मराठीत. संध्याकाळी बघितलं तर मुलीनं त्याखाली इंग्रजीत तेच लिहिलं होतं, आणि शेवटी कंसात, ‘नानीनं केलेली’.