आधी बोटं, मग हाड

वैशाखात परभणीजवळच्या पोखर्णीला नृसिंहाची यात्रा, शाळांना सुट्टी आणि चिंचेवर-आंब्यावर चढलेली पोरं, असं सगळं एकदमच येतं. पडताना पोर हात टेकवतं आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. पाच ते सात वर्षांच्या वयात ही मोड सर्वांत जास्त दिसते. "हाड बसंल ना साहेब?" बाप विचारतो. त्याची नजर एक्स-रेवर असते, माझी पोराच्या बोटांवर.

वरच्या तुकड्याचं टोक पुढं सरकलं की तिथूनच जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसा ताणल्या जातात. म्हणून आधी मनगटाची नाडी, मग बोटांचा रंग आणि ऊब. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायला सांगतो. दोन्हींची टोकं वाकली नाहीत, गोल चपटा पडला, तर नस दुखावलेली आहे. बहुतेकदा ती काही महिन्यांत आपोआप सावरते.

डॉ. गार्टलँड यांनी १९५९ मध्ये या मोडीचे तीन प्रकार सांगितले. हाड सरकलेलं नसेल तर तीनेक आठवडे प्लास्टर पुरतं. पूर्ण सरकलेलं हाड भूल देऊन, बहुधा चिरा न घेताच बसवतो आणि कातडीतून तारा घालतो. तीन-चार आठवड्यांनी त्या काढतो. तिरकं जुळलं तर कोपर वाकडं दिसतं. दंडाची वाढ मुख्यतः खांद्याकडून होते, त्यामुळे हा बाक वाढत्या वयात भरून निघत नाही. तरी हात कामाला येतो.

हात जातो तो रक्तपुरवठा तुटल्यानं. कामट्या लावून पट्टी आवळली, आतून सूज वाढली, की बोटं सरळ करताच पोर किंचाळतं. काही तासांत स्नायू मरतात आणि पंजा आखडतो. शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच हे लिहून ठेवलंय.

तारा निघाल्या की आजी तेल काढतात. "चोळल्याबिगर मोकळा कसा होईल?" पण ओढून वाकवलं तर स्नायूत हाड धरण्याची भीती असते. "आजी, तेल डोक्याला लावा. हात त्याचा त्याला हलवू द्या." खेळता खेळता कोपर सुटतं, त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

गावाकडून फोन आला की माझं सांगणं ठरलेलं: आवळलेली पट्टी सोडा, कोपर अर्धवट वाकलेलं ठेवून पुठ्ठ्याचा आधार द्या, लगेच परभणीला निघा. आणि वाटेत पोराला काही खाऊ घालू नका, भूल द्यावी लागेल.